चार रविवार विद्वेषाच्या अभ्यासाचे : सोलापुरातील एका वर्गाविषयी

वंशभेद, जातीय व धार्मिक विद्वेष आणि त्यातून वाढणारी कट्टरता यांना आपल्याच वस्तीत कसे तोंड द्यावे, हे शिकवणारा चार रविवारांचा एक अभ्यासवर्ग गेल्या हिवाळ्यात सोलापुरात झाला आणि मी तो पूर्ण केला. शुल्क ८०० रुपये, विद्यार्थ्यांना २०० रुपये, विडी व यंत्रमाग कामगारांना विनाशुल्क. वेळ सकाळी १० ते दुपारी १.३०, जागा पूर्व भागातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचे सभागृह. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही तक्रारी लिहायच्या आहेत, शिवाय असले काम करणाऱ्या मंडळींना नको असलेले फोन एरवीही पुरेसे येतात.

मी काही फार उदात्त हेतूने गेलो नव्हतो, हे आधीच सांगितलेले बरे. जुळे सोलापुरातील एका गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. गेल्या वर्षी मिझोरामच्या दोन मुली आमच्याकडे भाड्याने घर विचारायला आल्या होत्या. त्या एका सलूनमध्ये नोकरी करत होत्या, भाडे आगाऊ द्यायला तयार होत्या, आणि तरीही आमच्या समितीने ‘फ्लॅट कालच दिला’ असे सांगून त्यांना परत पाठवले. तो फ्लॅट पुढे तीन महिने रिकामाच होता. एका सभासदाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ही गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर तारीखवार मांडली, त्यावर बरीच वादावादी झाली, आणि अखेर ‘सचिवांनी तरी त्या वर्गाला जाऊन यावे’ असे अर्धे गमतीने, अर्धे रागाने ठरले.

पहिला रविवार निराश करणारा होता. २१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे काळ्या लोकांना सतत ओळखीचा परवाना (पास) जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ६९ माणसे मरण पावली, म्हणून तो दिवस जगभर वंशभेद निर्मूलनाचा दिवस म्हणून पाळला जातो. १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संमत केला आणि १९६८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली, ही सारी माहिती बरोबर होती आणि व्यवस्थित सांगितली गेली. परंतु पडद्यावर एकामागून एक परदेशी छायाचित्रे सरकत असताना सभागृहातील आम्ही सव्वीस जण हळूहळू प्रेक्षक होत गेलो. दुसऱ्याच्या घरचे भांडण बघताना माणसाला आपण फार समंजस असल्यासारखे वाटते, तसे काहीसे झाले.

त्यात हाती दिलेल्या पुस्तिकेची भाषा. ‘सूक्ष्म-आक्रमकता’, ‘अंतर्निहित पूर्वग्रह’, ‘प्रति-कथन’ असे शब्द कोणत्या मराठी माणसासाठी घडवले आहेत, हे मला चौथ्या रविवारपर्यंत कळले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या विडी कामगार मावशींनी पहिल्या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा वर्ग घेणाऱ्या ताईंनी पुस्तिका मिटवली आणि उर्दू माध्यमाच्या शाळेतून आलेल्या एका शिक्षिकेकडे पाहून म्हटले, “समजा मी या बाईंना म्हणाले की, तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो!” साऱ्या सभागृहाला अर्थ कळला. बाई हसून म्हणाल्या की हे वाक्य त्यांना महिन्यातून एकदा तरी ऐकावे लागते, आणि त्यांचे आजोबा, पणजोबा याच शहरात मराठी बोलत वाढले. याला आपण टोचून बोलणे म्हणतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात काही नसले तरी ते टोचायचे राहत नाही. पुस्तिकेत हेच लिहिले असते तर पाऊण तास वाचला असता. ती केवळ मराठीत आहे, हीदेखील उणीवच. ज्या गावात महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांतून चालतात, तेथे निदान तेलुगू प्रत तरी हवी होती. ताईंनी मधूनमधून तेलुगूत समजावून ती कसर भरून काढली, हे त्यांचे वैयक्तिक श्रेय.

माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. वंशभेद हा विषय महाराष्ट्राला बाहेरून शिकावा लागत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतील काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना मुक्त करताना हा कित्ता गिरवावा अशी आशा तेथेच व्यक्त केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, कारण अस्पृश्यांच्या वतीने तसाच अर्ज करावा असे त्यांच्या मनात होते. जात आणि वर्णभेद यांची तुलना योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत; २००१ मध्ये डरबान येथे झालेल्या वंशभेदाविरुद्धच्या जागतिक परिषदेत भारत सरकारने जातीचा प्रश्न त्या चर्चेत आणण्याला विरोध केला होता, कारण जात म्हणजे वंश नव्हे अशी सरकारची भूमिका होती; उलट १९६५ च्या त्या करारातील ‘कूळ’ या शब्दात जातही येते, असे तो करार राबवणाऱ्या समितीचे म्हणणे आहे. हा वाद वर्गात मांडला असता, दोन्ही बाजू सांगितल्या असत्या, तर पहिल्याच दिवशी सभागृह जागे झाले असते. तसे न करता जातीला शेवटच्या अर्ध्या तासात एक पान मिळाले आणि त्यातही वेळ संपल्यामुळे ते ‘घरी वाचा’ म्हणून सोडण्यात आले.

दुसऱ्या रविवारी मी जवळजवळ गेलोच नव्हतो. गेलो हे बरे झाले, कारण त्या एका सकाळीसाठी ८०० रुपये वसूल झाले असे मी म्हणेन.

त्या दिवशी व्याख्यान नव्हते. प्रत्येकाला आठ चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर घर मागणारा एक भाडेकरू. बँकेतील ब्राह्मण दांपत्य, पद्मशाली यंत्रमागधारक, लिंगायत शिक्षिका, मुसलमान डॉक्टर, बौद्ध सरकारी अधिकारी, बिहारचे चार सुतार, पार्लरमध्ये काम करणाऱ्या मिझोरामच्या दोन मुली आणि पारधी समाजातील पोलीस शिपाई. तुमचा फ्लॅट कोणाला आधी द्याल, कोणाला शेवटी, हे क्रमाने लावायचे आणि शेवटच्या तिघांपुढे कारण लिहायचे. माझा जीव अर्थातच दचकला. सातवी चिठ्ठी आमच्या सोसायटीत कोणी पाहून तयार केली की काय असे वाटले. क्रम कोणी विचारला नाही. फक्त कारणे गोळा केली, आणि ती कोणत्या चिठ्ठीची हे न सांगता मोठ्याने वाचली : ‘स्वयंपाकाचा वास येतो’, ‘पाहुणे फार येतात’, ‘रात्री उशिरा परततात’, ‘पुढे घर खाली करायला त्रास देतील’, ‘बाकीचे सभासद काय म्हणतील’. ही कोणाची कारणे, हे ओळखायला सांगितल्यावर एकालाही नीट ओळखता येईना. मुसलमान डॉक्टरांपुढे लिहिलेले कारण बिहारच्या सुतारांना चालत होते आणि खरे म्हणजे बँकेतल्या दांपत्यालाही चालले असते. मग त्याच आठ जणांची दुसरी चिठ्ठी आली, तिच्यावर नाव, जात, गाव काही नव्हते; केवळ मासिक उत्पन्न, माणसे किती, किती वर्षे राहणार आणि मागच्या घरमालकाचे मत. माझ्या पहिल्या यादीत आठव्या क्रमांकावर असलेला शिपाई दुसऱ्या यादीत दुसरा आला. नोकरी कायम, माणसे तीन, मागच्या घरमालकाची तक्रार नाही.

या ठिकाणी ताईंनी उपदेश केला असता तर मी मनातून उठून गेलो असतो. त्यांनी तसे केले नाही. दहा मिनिटे कोणीच बोलले नाही तरी त्या शांत बसून राहिल्या, आणि हे कौशल्य आहे.

मिझोरामच्या चिठ्ठीवरून पुढे चांगली चर्चा झाली. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील निडो तानिया या विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येकडील लोकांवरील वांशिक शेरेबाजीसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी अशी शिफारस केली, ही माहिती आमच्यापैकी बहुतेकांना नवी होती. गणेश मंडळाचा एक कार्यकर्ता म्हणाला, “आपण त्यांना चिनी म्हणतो ते चूकच आहे बे, ते आपलेच आहेत.” सर्वांनी माना डोलावल्या. त्यावर ताईंचे सहकारी सर म्हणाले, “आणि खरोखरच चिनी असते तर?” डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये याच सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच रुग्णसेवा करताना वारले. त्यांना तिकडे कोणी परका म्हणून दारातून परत पाठवले नव्हते. शहरात कोटणिसांचे स्मारक आहे, मी ते पाहिले आहे, आणि तरी ही बाजू मला कधी सुचली नव्हती. ‘ते आपलेच आहेत’ या वाक्यात परक्याला हीन वागवायची मुभा तशीच शिल्लक राहते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

तिसरा रविवार अफवा आणि कट्टरता यांचा. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा हे नाव निघाले आणि सभागृह गप्प झाले. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने तेथे ठार मारलेले पाच जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांपैकी बहुतेक आपल्याच जिल्ह्यातील, मंगळवेढा तालुक्यातील होते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मोटारसायकलवरचे लोक मुलाला उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, सोबत पालकांना सावध करणारा फलक दाखवतात, अशी ती मूळ फीत, आणि फिरवणाऱ्यांनी शेवट कापून टाकला होता. ती फीत आधी कापलेली, मग पूर्ण, अशी दोनदा दाखवली. कापलेली पाहताना माझाही हात फोनकडे गेला असता, हे कबूल करतो. त्या वर्षी व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली; पण पाच ठिकाणे म्हणजे आमची सोसायटी, भिशी, शाळेचे जुने मित्र, नातेवाईक आणि मंडळ, म्हणजे जवळपास अख्खे गाव.

कायद्याचा भाग एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी घेतला. दोन गटांत वैर वाढवणाऱ्या मजकुराबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचे १५३अ कलम लागत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १९६ कलम लागते, हे त्यांनी उदाहरणांनी सांगितले. एके ठिकाणी मात्र ते घाईत गेले. ग्रुपमध्ये कोणी काही टाकले की ॲडमिन आत जातो, असे त्यांनी सरसकट सांगितले आणि पुस्तिकेतही तसेच छापले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. लोकांना भीती घालून गप्प केले म्हणजे विद्वेष कमी होतो असे नाही. तो दुसऱ्या ग्रुपवर जातो. पुढच्या आवृत्तीत हे पान दुरुस्त व्हावे.

याच अधिकाऱ्यांनी भिवंडीविषयी जे सांगितले, ते मात्र मोलाचे होते. सोलापूरप्रमाणेच मागांचे गाव असलेली भिवंडी १९७० आणि १९८४ मध्ये दंगलींनी होरपळली होती. पुढे तेथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, शिपाई आणि वस्तीतील दोन्ही समाजांची साधी माणसे यांना नियमित एकत्र बसवले, आणि डिसेंबर १९९२ नंतर शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे सण आला की शांतता समितीची बैठक होते, पुढाऱ्यांची भाषणे आणि चहा होतो आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला भेटत नाही. समित्या आणि बैठक यांतला हा फरक त्यांनी चांगला उलगडला. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या अभ्यासाचाही उल्लेख झाला : ज्या शहरांत दोन्ही समाजांची माणसे कामगार संघटना, व्यापारी मंडळे अशा ठिकाणी एकत्र काम करतात, तेथे अफवा दंगलीपर्यंत पोहोचणे अवघड जाते, आणि नुसत्या शेजारच्या नमस्काराने हे साधत नाही. विडी कामगार मावशी यावर एवढेच म्हणाल्या की त्यांच्या कारखान्यात पानांची टोपली सगळ्यांना सारखीच ओली मिळते आणि मोर्चाही एकच निघतो.

कट्टर होत चाललेल्या तरुणाशी कसे बोलावे, याचा सराव जोडीने करायचा होता. मला पुतण्याची भूमिका मिळाली आणि माझ्या काकांनी, म्हणजे एका कॉलेजातील विद्यार्थ्याने, पहिल्या अर्ध्या मिनिटात मला मूर्ख ठरवले. मी खोटा पुतण्या असूनही हट्टाला पेटलो. दुसऱ्या फेरीत त्याने केवळ विचारले, “हे तुला कोणी दाखवलं? तुझ्याबाबतीत कधी असं घडलंय का?” तेव्हा मला बोलावेसे वाटले. नॉर्वेत १९९७ मध्ये, स्वीडनमध्ये १९९८ मध्ये आणि जर्मनीत २००० मध्ये नवनाझी टोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी जे कार्यक्रम सुरू झाले, त्यांचा पायाही हाच असल्याचे सरांनी सांगितले : परतायला दार उघडे ठेवणे. भाग चांगला होता, चाळीस मिनिटांत गुंडाळला. मुलाचे मित्र बदलले, भाषा बदलली म्हणून त्याच्यावर पाळत ठेवणे हे या शिक्षणाचे उद्दिष्ट नव्हे, हा इशाराही एका वाक्यातच आला. तो फलकावर लिहायला हवा होता.

आणि मग, दिवस संपत असताना, मागच्या रांगेतील एक तरुणी उभी राहिली. विमुक्त समाजातील, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली. तिचा प्रश्न सरळ होता : तीन रविवार झाले, आफ्रिका झाली, जर्मनी झाली, मिझोराम झाले, याच शहरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे, तिचे नाव अजून कोणी घेतलेले नाही, असे का? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, हजेरी लावली, गिरण्यांत राबवले. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि वस्तीचे नाव मात्र तसेच राहिले. “आमच्या भागात चोरी झाली की आधी आमच्याच घरी येतात,” ती म्हणाली, “याला तुमच्या पुस्तिकेत कोणता शब्द आहे?”

संस्थेला तोंडावर पडायची ही वेळ होती. ताईंनी चूक मान्य केली आणि चौथ्या रविवारचा कार्यक्रम बदलण्याचे तेथल्या तेथे ठरवले. मूळ बेत शहरफेरीचा होता : हुतात्मा चौकापासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत. चौकात आम्ही थांबलो; १९३० मधील मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्याविषयी सरांनी सांगितले. सोलापूरच्या माणसाला हे पाठ असते, दर १२ जानेवारीला तो ते ऐकतो, म्हणून येथे वेळ घालवायची गरज नव्हती. त्यानंतर मंदिराकडे न जाता आम्ही सेटलमेंटमध्ये गेलो. भेट घाईची झाली. सव्वीस माणसे वहीपेन घेऊन एखाद्या वस्तीत शिरली की ती तपासणीसारखीच दिसतात, आणि एका आजोबांनी ‘कुठल्या खात्याचे?’ असे विचारले तेव्हा आमच्यापैकी कोणाला धड उत्तर देता आले नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रह कमी करणाऱ्या भेटीसाठी बरोबरीचे स्थान आणि एकत्र काम या अटी सांगितल्या होत्या, आणि त्या पुस्तिकेच्या बाराव्या पानावर छापलेल्याही आहेत. आमच्या भेटीत दोन्ही नव्हत्या. परतताना त्या तरुणीने मला विचारले, “काका, तुमच्या सोसायटीला वॉचमन लागतो ना? माझा भाऊ आहे.”

किरकोळ गोष्टी : सभागृहातील पंखे आवाज करतात, मागे बसल्यास ऐकू येत नाही, प्रसाधनगृह तळमजल्यावर आहे आणि ज्येष्ठांना जिना चढावा लागतो, नाश्त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. प्रमाणपत्र देतात, ते न दिले तरी चालेल. पुढची तुकडी जानेवारीतील सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर सुरू होणार असून सूचना वाचनालयाच्या फलकावर लागते. पाचापैकी तीन गुण द्यावेत असे मी पहिल्या रविवारी ठरवले होते. आता चार देतो, दुसऱ्या सकाळीसाठी आणि चूक मान्य करण्याच्या त्या पद्धतीसाठी. पाचवा गुण पुस्तिका पुन्हा लिहिली जाईपर्यंत आणि सेटलमेंट पहिल्या रविवारी येईपर्यंत राखून ठेवला आहे. गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी, मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आणि शाळेतील वर्गशिक्षकांनी हा वर्ग जरूर करावा. ज्यांना केवळ व्याख्यान ऐकायचे आहे, त्यांनी पैसे वाचवावेत.

आमच्या सोसायटीच्या भाडेकरू अर्जात पोलीस पडताळणीच्या वर ‘जात व मूळ गाव’ असा एक रकाना आहे. तो कधी आणि कोणी घातला हे जुन्या इतिवृत्तात सापडत नाही. तो काढून टाकण्याचा ठराव मी मार्चच्या सभेसाठी विषयपत्रिकेवर घेतला आहे. त्याला दोन सभासदांचा लेखी विरोध आला आहे, एकाने कारण लिहिलेले नाही आणि दुसऱ्याने ‘पुढे अडचण नको’ असे लिहिले आहे. वॉचमनच्या जागेसाठी आलेल्या चार अर्जांत त्या तरुणीच्या भावाचाही अर्ज आहे.